अंगठीवाल्या बाईंकडची तपासणी

कानाच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करणाऱ्या बाईंच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटात एक कवटी होती. म्हणजे अंगठीच, पण कवटीची. काळपट चांदीची, चांगली रुंद, कडेनं काटेरी वेल, दोन बाजूंना दोन वटवाघळं आणि मधोमध दात विचकून हसणारी ती कवटी. अंगठीला दोन कडी होती. आतलं बोटाला घट्ट, बाहेरचं मोकळं. बाहेरचं कडं अंगठ्यानं ढकललं की कवटी वटवाघळांसकट गरगर फिरायची. एरवी बाई इतक्या साध्या, की त्यांच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिलं नसतं. पांढरा कोट, चापूनचोपून बसवलेले केस, आवाज न करणाऱ्या चपला. आणि मग ती कवटी.

अंगठी लेकीनं दिलेली. लेकीला मध्यंतरी काळ्या रंगाचं वेड लागलं होतं. कपडे काळे, ओठ काळे, नखं काळी. खोलीच्या भिंतीही काळ्या करायच्या होत्या, पण घरमालक आडवा आला. बाईंना मात्र पन्नाशी ओलांडली तरी नखं कुरतडायची सवय होती. लोकांच्या कानांना हेडफोन लावायचे आणि स्वतःची बोटं अशी, की पेशंट आधी बोटांकडे बघून दचकायचा. लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, तेव्हा निघताना तिनं स्वतःच्या बोटातली अंगठी काढून आईच्या बोटात सरकवली.

"नखं खावीशी वाटली की ही फिरवायची."

"हे काय ध्यान आहे?"

"गॉथिक आहे, आई."

"म्हणजे?"

"म्हणजे जुनं, काळं आणि उदास."

"मग मला शोभेल," बाई म्हणाल्या.

लेक गेली आणि त्या रात्री बाई थोडं रडल्या. दुसऱ्या दिवशी अंगठी घालून कामावर गेल्या. कानाच्या डॉक्टरांनी ती पाहिली आणि म्हणाले, "बाई, पेशंटला वाटेल आपण आशा सोडली." बाईंनी काढली नाही. महिन्याभरात नखं वाढली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नेलकटर विकत घ्यावं लागलं, आणि ही बातमी त्यांनी लेकीला फोन करून दिली. पुढे अंगठी अंगवळणीच पडली. बस येईना, फिरव. साहेब बोलावतात, फिरव. आंघोळ सोडली तर ती बोटातून निघत नसे, आणि आपण ती कधी फिरवतो हे बाईंना स्वतःलाही कळत नसे.

आता बाईंचं काम सांगायला हवं, कारण सगळं तिथंच अडलेलं आहे. दवाखान्यात एक आवाजबंद खोली होती, कपाटाहून जरा मोठी. बाई तिला कपाटच म्हणायच्या. आत खुर्ची, हेडफोन आणि वायरीला लटकवलेलं एक बटण. पेशंट आत बसतो, दार बंद होतं, बाई बाहेर मशीनपाशी बसतात, मध्ये काच. बाई कळ दाबून हेडफोनमध्ये बारीक सूर सोडतात, आधी मोठा, मग लहान लहान करत नेतात. पेशंटला सूर ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. मशीनवर दिवा लागतो. कुठपर्यंत दिवा लागला त्याचा आलेख निघतो, त्यावरून कान किती शाबूत आहेत ते कळतं. सोपं काम आहे, पण जीव लावून करावं लागतं.

शिकताना बाईंना सांगितलं होतं, की पेशंटला पाठमोरा बसवावा. बाईंना ते कधी पटलं नाही. आधीच माणूस घाबरलेला, त्याला कपाटात कोंडायचं आणि वर भिंतीकडे तोंड करून बसवायचं म्हणजे शिक्षा झाली. म्हणून त्या पेशंटला काचेकडे तोंड करून बसवायच्या. उजवा हात खाली कळांवर, तो पेशंटला दिसत नसे. डावा हात काचेसमोरच्या फळीवर. दिवा लागला की बाई हसून मान डोलवायच्या. माणसाला बरं वाटायचं.

आणि माणसं यायचीही खूप. गावाबाहेर पत्र्याच्या डब्यांचा कारखाना होता. तिथल्या कामगारांची दर वर्षी कान-तपासणी व्हायची. कान अधू निघाला की मशीनवरून उचलून गोदामात टाकायचे, आणि गोदामात जायला कोणीच राजी नसे. हे कामगार दवाखान्यात आले की सकाळपाळीच्या मॅडमकडे जायचे नाहीत. बाकावर ताटकळत बसायचे, चहा प्यायचे, आणि विचारलं की सांगायचे, "आम्हाला अंगठीवाल्या बाईंकडेच द्या." बाईंना आतून गुदगुल्या व्हायच्या. दिवसभर पत्रा ठोकणाऱ्या त्या माणसांचे कान एकजात उत्तम निघायचे. कारखान्याच्या साहेबांनी तर एकदा सभेत सांगितलं म्हणे, की आपल्याकडचा आवाज कानांना मानवतो.

आता अप्पा. अप्पा म्हणजे बाईंचे वडील. जन्मभर छापखान्यात मशीनवर उभे राहिलेले. आता एकटेच राहायचे, दोन खोल्या, गॅलरीत एक खुर्ची, खाली रहदारीचा रस्ता. आई गेल्यावर थोरल्या भावानं, दादानं, आपल्याकडे चला म्हणून पाहिलं होतं. अप्पा म्हणाले होते, "माझी खुर्ची तुझ्या गॅलरीत मावणार नाही." ते खरं होतं, दादानं मोजून पाहिलं होतं.

मग हळूहळू अप्पांचं काहीतरी बिनसलं. दादा दारावरची बेल वाजवून वाजवून थकायचा, आत अप्पा निवांत पेपर वाचत बसलेले. नळ धो धो वाहतोय, अप्पा शेजारच्या खोलीत. दूध उतू जाऊन गॅस विझलेला, अप्पा पाठ करून चपला पुसतायत. फोन तर उचलायचेच नाहीत. काही विचारलं की "हो हो" म्हणायचे, आणि दहा मिनिटांनी त्यातलं काहीही त्यांना ठाऊक नसायचं.

"कानांचं काहीतरी असेल," दादा म्हणाला. "तू बघ ना. घरचीच तपासणी आहे."

बाईंनी बघितलं. अप्पांना कपाटात बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं आणि तपासणी केली. अप्पा पठ्ठ्यासारखे बसले होते. बारीकातला बारीक सूर सोडला तरी दिवा लागलाच. बाई चाट पडल्या. छापखान्याच्या त्या धडधडाटात जन्म काढला आणि कान असे? डॉक्टरांनी आलेख दोनदा पाहिला आणि म्हणाले, "तुमच्या वडिलांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत." बाईंनी हे वाक्य ओळखीच्या सगळ्यांना सांगितलं. शंका त्यांनाही यायला हवी होती. आली नाही, कारण बाप आपला होता आणि आलेख देखणा होता.

शिवाय बाईंशी बोलताना अप्पा ठीक बोलायचे. बाईंची कामाची सवय अशी, की समोर बसायचं, तोंड समोरच्याकडे ठेवायचं, एकेक शब्द सुटा बोलायचा. दादा बोलायचा तो चपला शोधताना, खिडक्या लावताना, एका कानाला फोन धरून. त्याला उत्तर मिळायचं नाही.

"कान ठणठणीत आहेत हे तूच सांगितलंस," दादा म्हणाला. "मग डोकंच बिघडत चाललंय ना? दुसरं काय उरतं?"

दादा वाईट माणूस नव्हता. दमलेला माणूस होता. गॅसचा प्रकार झाल्यापासून त्याची झोप उडाली होती. त्यानं तो आलेख घेऊन अप्पांना मेंदूच्या डॉक्टरांकडेही नेलं. त्यांनी अप्पांना काय काय विचारलं, अप्पांनी भलतीच उत्तरं दिली किंवा "हो हो" म्हटलं. डॉक्टरांनी आलेख पाहिला, कान चांगले आहेत म्हणाले आणि मान हलवली. दादानं मग एक वृद्धाश्रम पाहिला. स्वच्छ होता, बाग होती, माणसं प्रेमळ होती. गॅलरी नव्हती. रविवारी अप्पांना तिकडे न्यायचं ठरलं.

"अप्पांना विचारलंस?" बाईंनी विचारलं.

"विचारलं ना. हो म्हणाले."

कान चांगले आहेत असं सांगणारा कागद बाईंच्याच सहीचा होता. त्या फक्त अंगठी फिरवत राहिल्या, इतकी, की कवटीच्या नाकाशी चांदी उजळ झाली.

त्या आठवड्यात गुरुवारी डब्याच्या कारखान्यातला एक फोरमन तपासणीला आला. धिप्पाड, मिशाळ, हसतमुख माणूस. बाईंनी त्याला कपाटात बसवलं, सूर सोडले, दिवे लागले, बाईंनी मान डोलावली. तपासणी नेहमीसारखी झकास झाली. बाई आलेखावर सही करणार, एवढ्यात त्यांचा पाय कशाला तरी लागला. खाली वाकून पाहतात तर हेडफोनची पिन मशीनमधून निघून जमिनीवर पडलेली. दुपारी पाळी बदलताना लादी पुसणाऱ्या मावशींनी मशीन सरकवलं होतं, तेव्हा ती निघाली असणार.

म्हणजे फोरमनच्या हेडफोनमध्ये आतापर्यंत काहीही वाजलेलं नव्हतं.

बाईंनी पिन हातात धरली. काचेतून फोरमन त्यांच्याकडे बघून हसत होता, बटणावर अंगठा तयार. बाई उठल्या, कपाटाचं दार उघडलं आणि पिन त्याच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे?"

"वायर," फोरमन म्हणाला.

"ही मशीनला लागलेलीच नव्हती. तुम्हाला ऐकू काय येत होतं?"

फोरमनचा चेहरा पडला. त्यानं एकदा दाराकडे पाहिलं, पण दारात बाई होत्या.

"बाई, रागावू नका."

"रागावत नाही. सांगा."

"तुम्ही सूर सोडायच्या आधी अंगठी फिरवता ना. दर वेळी. अंगठी फिरली की एक श्वास थांबायचं आणि बटण दाबायचं. आमच्याकडं सगळ्यांना माहितीये. नवा माणूस आला की आम्ही त्याला सांगूनच पाठवतो." आणि मग, बाईंना वाईट वाटू नये म्हणून असेल, तो म्हणाला, "तुमचा स्वभाव पण चांगलाय."

बाई त्या बाकावर बसल्या, जिथे पेशंट बसतात. इतकी वर्षं ज्याला त्या आपला नावलौकिक समजत होत्या तो एका कवटीचा होता. लाज वाटली. कारखान्यातले ते सगळे कान त्यांनीच सही करून उत्तम ठरवले होते. आणि मग त्यांना कपाटात बसलेले अप्पा दिसले. ताठ, बटणावर अंगठा, नजर काचेवर. लक्ष हेडफोनमध्ये नाही, काचेवर. बाई कोट न काढताच निघाल्या.

अप्पांच्या दाराची एक किल्ली त्यांच्याकडे होती. त्या आवाज न करता आत गेल्या. तशी गरज नव्हती हे त्यांना पुढच्याच मिनिटाला कळणार होतं. अप्पा गॅलरीत पाठमोरे, चष्मा पुसत बसले होते. बाई त्यांच्या मागे उभ्या राहिल्या.

"अप्पा."

अप्पा चष्मा पुसत होते.

"अप्पा!"

अप्पांनी चष्मा उजेडात धरून पाहिला, परत पुसायला घेतला.

"अप्पा!!!"

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि शेजारीण ओरडली, "काय झालं हो? बरे आहेत ना?" समोरच्या दुकानदारानं मान वर करून पाहिलं. रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. अप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, वळले, आणि लेक समोर दिसताच खूश झाले.

"तू कधी आलीस? आणि कोट घालून?"

बाई त्यांच्यासमोर जमिनीवरच बसल्या. तोंड समोर, शब्द सुटे.

"अप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही?"

"तुझं येतं की."

"मी पाठीमागून बोलले तर?"

"पाठीमागून कशाला बोलतेस? चांगली समोर ये ना."

"त्या दिवशी दवाखान्यात, कपाटात बसला होतात, तेव्हा तुम्हाला सूर ऐकू आले होते?"

"कसले सूर?" अप्पा म्हणाले.

"मग बटण का दाबत होतात?"

अप्पांना हा प्रश्नच अजब वाटला. त्यांनी हात वर केला आणि एक बोट हवेत गोल फिरवलं.

"हे. आमच्याकडे मशीन चालू असलं की कोणाचं कोणाला ऐकू यायचं नाही. मग फोरमन लांबून बोट फिरवायचा. बोट फिरवलं म्हणजे बटण दाब, मशीन सोड. मूठ म्हणजे बंद कर. जन्मभर तेच केलं. तू माझ्या डोक्यावर ते जड काहीतरी घातलंस, हातात बटण दिलंस, तोंडानं काय म्हणालीस ते मला दिसलं नाही, तू मागे उभी होतीस. मग तू समोर बसलीस आणि बोटातलं ते फिरवलंस. मी दाबलं. तू मान डोलावलीस. म्हटलं, बरोबर आहे."

"अहो, मला विचारायचं तरी!"

"विचारणार होतो. पण मी दाबलं की तू किती खूश होत होतीस. आई गेल्यापासून तुला तेवढं हसताना पाहिलं नव्हतं. म्हणून मग एकही चुकवलं नाही."

बाई रडल्या. चांगल्या मोठ्यानं रडल्या, वरच्या शेजारणीनं पुन्हा खिडकी उघडली. अप्पांना ते ऐकू आलं नाही, पण दिसलं, आणि त्यांनी चष्मा पुसायचं फडकं पुढे केलं.

शुक्रवारी बाईंनी अंगठी काढली, टेबलाच्या खणात ठेवली आणि खण बंद केला. अप्पांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. या वेळी दिवा बराच वेळ लागलाच नाही. बाई सूर वाढवत गेल्या, वाढवत गेल्या, आणि मग कुठे एकदा लुकलुकला. आलेख जिन्यावरून पडल्यासारखा खाली गेला. डॉक्टरांनी जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

"मशीन दुरुस्त केलं का?"

"नाही," बाई म्हणाल्या, "अंगठी काढली." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. कारखान्याचंही. डॉक्टर म्हणाले, की सगळ्यांना परत बोलवावं लागेल. बाई म्हणाल्या, हो, बोलवू आणि पाठमोरे बसवू. त्यांना बोलणी खावी लागतील हे ठरलेलंच होतं, आणि त्यांनी ती खाल्लीही.

दादाला त्यांनी शनिवारी दवाखान्यातच बोलावलं. अप्पांच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रं लावायची होती. दादा आला तो हातात फोन आणि गाडीची किल्ली घेऊन. उद्याची सगळी तयारी झाली होती, तिकडच्या खोलीत पलंग लागला होता. बाईंनी त्याला अंगठीची गोष्ट सांगितली. तो ऐकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर ते उतरत नव्हतं. इतके दिवस ज्याला त्यानं बापाचं डोकं फिरणं म्हटलं, ज्यासाठी रात्री जागवल्या, ते असं एका अंगठीवर कसं सोडून द्यायचं? तो म्हणाला, "असेल. पण विचारलं तेव्हा ते हो म्हणाले होते."

"परत विचार," बाई म्हणाल्या. "पण समोर बसून नको. नेहमी विचारतोस तसाच विचार."

तपासण्या संपल्या होत्या, म्हणून अंगठी पुन्हा बाईंच्या बोटात आली होती. त्यांनी यंत्रं अप्पांच्या कानांत बसवली आणि सुरू केली. अप्पा दचकले. पंख्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, स्वतःच्या चपलेनं लादीवर घासून पाहिलं. मग पुन्हा एकदा घासून पाहिलं.

दादा खिडकीपाशी गेला, बाहेर बघत उभा राहिला. त्याचा आवाज जरा फाटलेलाच होता.

"अप्पा, उद्या तुम्हाला वृद्धाश्रमात राहायला न्यायचंय. घर बंद करायचं. जायचं ना?"

बाईंचा अंगठा आपोआप अंगठीवर गेला. कवटी फिरू लागली. अप्पांची नजर सवयीनं त्या हातावर खिळली, त्यांचा अंगठाही हवेत दाबायला निघाला. मग अप्पांनी नजर उचलली. खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं.

"नाही," अप्पा म्हणाले.

दादा वळला.

"वृद्धाश्रमात कशाला?" अप्पा म्हणाले. "माझं घर आहे की. हे तू कधी ठरवलंस? मला विचारायचं तरी."

दादा आला आणि अप्पांच्या समोर, पेशंटच्या बाकावर बसला, किल्ली दोन्ही हातांत धरून. बाई काचेपाशी उभ्याच होत्या. अप्पा जरा वेळ कसला तरी कानोसा घेत राहिले, मग लेकीकडे वळले.

"आणि ती अंगठी जरा थांबव बाई," ते म्हणाले. "केवढी वाजते."